रेषेवर पाय न ठेवणारी मुलगी

सर, हळ्ळीखेडला बसमधून उतरल्यावर तुमच्या शाळेचं मैदान अजून तसंच दिसतं, लाल मुरमाचं, पावसाळ्यात पायाला चिकटणारं. फाटकावर गावकऱ्यांनी तुमचं नाव रंगवून घेतलंय, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वर्षी मी नुकतीच कलबुर्गीच्या कॉलेजात नोकरीला लागले होते, आणि तेव्हापासून इथेच आहे. मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते. दर उन्हाळ्यात कॉलेजच्या नावाने तुमच्याच मैदानावर शिबिर घेते, महिनाभर, आसपासच्या गावांतल्या मुलींसाठी. या सगळ्याबद्दल तुम्हाला कधीतरी लिहावं असं फार वर्षं वाटत होतं. पण आज लिहितेय ते त्यासाठी नाही.

दरवर्षी या दिवसांत मला एक काम असतं. खेळाडूंच्या कोट्यातून ज्या मुली प्रवेश मागतात, त्यांचा खेळ पाहून समितीला अहवाल द्यायचा. कोण किती धावते, कोणाचा नेम किती, हे कोणीही सांगेल. दमल्यावर पाय कुठे पडतात, बाकावर बसवल्यावर मान खाली जाते की नजर खेळावर राहते, हे मी बघते. तेही तुम्हीच शिकवलंत. यंदा जागा एकच आहे. फी माफ, वसतिगृह आणि जेवण मोफत, तीन वर्षं. आणि मागणाऱ्या मुली दोन, दोघीही अठरा वर्षांखालच्या संघातून देशाचा शर्ट घालून परदेशात खेळून आलेल्या. एक बेंगळुरूची, उंच, शांत, आईवडील दोघेही नोकरदार. दुसरी आपल्या हळ्ळीखेडजवळच्या निर्ण्याची. तिचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. मोठी बहीण सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे, आणि इथे जागा मिळाली नाही तर ही तिच्याकडेच जाणार हे घरात ठरलेलं आहे. तिथल्या सुपरवायझरशी बोलणंसुद्धा झालंय. ही मुलगी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्या शिबिरात आली. मला अक्का म्हणते. कॉलेजात आल्यावर मॅडम म्हणायचं हे तिला सांगून ठेवलंय, पण मध्येच विसरते.

तुम्हाला तुमची फक्की आठवते का? पहाटे आम्ही मैदानावर यायचो तेव्हा तुम्ही आधीच वाकलेले असायचात. खिळ्याने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुन्याची भुकटी, आणि तो हलवत हलवत तुम्ही रेषा मारत असायचात. दोरी नाही, फळी नाही, नुसत्या नजरेने सरळ. आणि एकच नियम. रेषेवर पाय पडता कामा नये. मी सातवीत आहे. चेंडू घेऊन कडेने आत शिरते आणि माझ्या टाचेने बास्केटखालच्या चौकटीची रेष पुसली जाते. तुम्ही शिट्टी वाजवता. "कामून तुडवायलीस गं? आंधळी हायस का? चार वाजल्यापासून वाकून मारलोय ती." मग मला डबा घेऊन ती रेष परत मारावी लागते, सगळ्या पोरी हसत उभ्या, आणि वर मैदानाला पाच फेऱ्या. तुम्ही फेऱ्या कन्नडमध्ये मोजता, ओंदु, एरडु, मूरु, आणि शिव्या मराठीत देता. "साकु," म्हणालात की पुरे, थांबायचं. एका महिन्यात आम्ही सगळ्या जणी रेष आली की आपोआप उडायला लागलो. धावता धावता एक पाऊल आखूड, मग एक लांब, आणि त्या लांब पावलावर एका पायाने वर. समोरच्या संघाला ते पाऊल कळायचंच नाही. विभागीय स्पर्धेत आम्ही शहरातल्या मुलींना त्यावर नाचवलं. तुम्ही मिशीत हसून म्हणालात, "रेष सांभाळतीय ती पोरगी सगळं सांभाळती." मी ते मनात कोरून ठेवलं. माझ्या शिबिरात इतकी वर्षं मीही फक्कीच मारते. डबा नवा आहे, भोकं माझी.

परदेशातल्या सामन्यांची चित्रफीत आली, ती मी पाच वेळा पाहिली. आपली मुलगी पहिले चार सामने बाकावरच होती. अशा खेळाडूचा अंदाज बांधणं अवघड असतं. तिथे दहा मिनिटं खेळलेली इथे पूर्ण सामना काढू शकेल की नाही, तिथल्या उंच मुलींपुढे दबलेली इथे भारी पडेल की नाही, काही सांगता येत नाही. पण पाचव्या सामन्यात तिला आत सोडलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. दोघींच्या मधून ती अशी निघाली की समालोचन करणारा हसला. आखूड पाऊल, लांब पाऊल, वर, चेंडू जाळीत. मला इतका आनंद झाला सर, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग शेवटच्या भागात ती पुन्हा तशीच आत आली, उडाली, आणि उतरताना तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. पडली. लगेच उठली, हात झटकले. गुडघ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिने खाली पाहिलं, आपला पाय रेषेला लागला का ते. चकचकीत लाकडी जमीन, तिच्यावर रंगवलेली रेषा, जी बैल चालवले तरी पुसणार नाही, आणि ही मुलगी ती वाचवत होती.

मी चित्र थांबवलं. मग मागे नेऊन सावकाश पाहिलं, पुन्हा पाहिलं. ती रेषेवरून उडते म्हणून पाऊल लांब पडतं. पाऊल लांब पडतं म्हणून सगळा भार एका गुडघ्यावर तिरपा येतो. दर वेळी. मग आधीच्या वर्षांतल्या आपल्या शिबिरातल्या मुलींची फोनवर घेतलेली चित्रं काढली. सगळ्यांचं तेच. आणि मग मला माझा गुडघा आठवला.

राज्याच्या निवडीचा दिवस होता. मी आत शिरले, उडाले, आणि काहीतरी कट्कन वाजलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसलात, माझा पाय तुमच्या पिशवीवर ठेवला, आणि हुमनाबाद येईपर्यंत तो तसाच धरून बसलात. मला घरी न सोडता तुमच्या घरी नेलंत. तुमच्या पत्नीने, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, चुलीवर हळद आणि चुना कालवून गरम केला, तुम्ही तो स्वतःच्या हाताने माझ्या गुडघ्याला लावलात. फुंकर घालत लावलात. मी रडत होते. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, लेकरू हाय." तेव्हा तुम्ही म्हणालात, "लक्ष कुठं होतं तिचं? लक्ष न्हाई म्हणून पडली." मी परत कधी खेळले नाही. आणि लक्ष नव्हतं म्हणून पडले, हे तीस वर्षं खरं मानलं. आता चित्र सावकाश फिरवलं की दिसतं, माझं लक्ष होतं. रेषेवर होतं. तुम्हाला हे माहीत नव्हतं, हे मला कळतं. तुमच्याकडे एक डबा आणि एक शिट्टी होती. पण मला तर शिकायला सगळं उपलब्ध होतं, सर, आणि मी तपासलं नाही. तुमचं आहे म्हणून.

मुलीला मी बोलावून घेतलं. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर उभं केलं. "रेषेवर पाय ठेव," म्हटलं.

ती हसली. "कशाला?"

"ठेव म्हणते ना."

तिने पाय पुढे केला आणि मागे घेतला. दोनदा. शेवटी मी खाली बसले, तिचा घोटा धरला आणि तिचा बूट रेषेवर टेकवला. "अय्यो अक्का, पाप लागल्यावानी वाटायलंय," ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलं की, तुडवायचं न्हाई म्हणून. पाच फेऱ्या मारायला लावला हुता मला, आठवतंय का?" मग तिने माझा चेहरा बघितला. "मॅडम," म्हणाली.

हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. आतला स्नायुबंध अर्धा फाटलाय. वर्षभर उड्या बंद, व्यायाम नीट केला तर भरून येईल. तसंच खेळत राहिली तर उरलेलाही जाईल. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती माझ्यापुढे उभी राहिली. रडली नाही. हिशेबी बोलली, जसं माणूस फार दिवस मनात घोकून ठेवतं तसं. "गुडघ्याचं लिहू नका. मी गोळी घेऊन खेळते, कुणाला कळत न्हाई. तिकडंपण गोळी घेऊनच खेळले. एक वर्ष खेळते, मग तुटला तर तुटला. जागा तर मिळालेली असंल."

"आणि पाय?"

"पाय माझा हाय, अक्का. टॉवेलच्या मशीनपुढं उभं ऱ्हायला बी गुडघाच लागतो की."

संध्याकाळी तिच्या आईचा फोन. "तुमच्या पदरात घातलीया पोर. काय असंल ते तुम्हीच बघा." मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. जागा वर्षभर राखून ठेवता येईल का, विचारलं. ते चांगले गृहस्थ आहेत, पण जिभेला धार आहे. "मॅडम, आम्ही खेळाडू घेतो, पेशंट नाही," म्हणाले. मग नियमांची फाईल काढून स्वतःच दाखवलं. एक कलम आहे. कॉलेजच्या शिबिरातल्या प्रशिक्षणामुळे दुखापत झाली असेल, तर त्या खेळाडूची जागा एक वर्ष राखता येते, उपचारही कॉलेज करतं. मात्र प्रशिक्षकाने तसं लिहून द्यावं लागतं. "पण हिला तर परदेशात लागलंय," ते म्हणाले, आणि फाईल मिटली. मी म्हणाले, "हो."

त्या एका "हो"पासून मला झोप नाही, सर. कारण मला माहीत आहे तिला कुठे लागलंय. ती तिकडे पडली, पण पडायला इथे शिकली, माझ्याकडे, सात उन्हाळे. मी तसं लिहून दिलं असतं तर चौकशी झाली असती. शिबिर बंद झालं असतं. माझी नोकरी गेली असती किंवा नसती. हळ्ळीखेडच्या फाटकावरच्या नावाबद्दल लोक काय काय बोलले असते. मी स्वतःला सांगत होते की मी तुमचं नाव वाचवतेय. तुम्हाला त्याचा काय उपयोग, तुम्ही तर नाहीच. मी माझं वाचवत होते.

काल दुपारी अहवाल दिला. गुडघ्याची स्थिती खरी लिहिली, डॉक्टरांचा कागद जोडला. बेंगळुरूच्या मुलीची शिफारस केली, आणि तिच्याबद्दल लिहिलं त्यात काहीही खोटं नाही, चांगली खेळते. अहवालाच्या शेवटी एक रकाना असतो, दुखापतीचं कारण. त्यात मी लिहिलं, "खेळाडूची उडी मारण्याची वैयक्तिक सवय." सुबक अक्षरात लिहिलं. पाच शब्द आणि एक संपूर्ण मुलगी.

आज सकाळी ती आली होती. यादी लागली का, विचारत होती. मी म्हटलं, सोमवारी. ती म्हणाली, "तुम्ही चांगलंच लिहिलं असणार, मला ठाऊक हाय," आणि माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवून गेली, त्यात आईने भाजलेल्या शेंगा. जिना उतरताना एक हात कठड्याला धरून, एक एक पायरी, डावा पाय आधी. मी खिडकीतून बघत होते हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती लंगडत होती.

सर, एक कबूल करते. हे कागद मी तुम्हाला लिहायला काढलेच नव्हते. त्या शेवटच्या रकान्याच्या दुरुस्तीचा अर्ज लिहायला काढले होते. कारकुनाने सांगितलंय, अहवालात काही बदल असेल तर आज पाचपर्यंत द्या, सोमवारी यादी लागली की काही होणार नाही. जेवण झाल्यावर अर्ज लिहायला बसले आणि पहिल्या ओळीत वरच्या साहेबांऐवजी तुम्हाला हाक मारली. आता चार वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. कार्यालय या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, चालत दोन मिनिटं. आणि मी अजून तुम्हालाच लिहितेय.