सातव्या पिंजऱ्याची वही

मी, वय वर्षे एकाहत्तर, कीटक-प्रयोगशाळेतील निवृत्त सहायक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी जोडला आहे. रागाचा दाखला मीच देते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, प्लंबर बदलावा.

२. सूक्ष्मदर्शक शेजारच्या घड्याळजीला. प्रयोगशाळेने मागितला तरी देऊ नये.

३. माझा धाकटा भाऊ, त्या प्रयोगशाळेचा तेव्हाचा प्रमुख, यास काहीही नाही. कारण असे. किडीच्या मज्जातंतूवर रिसेप्टर असतात. आमचे नवे कीडनाशक औषध त्यांत कुलपातल्या किल्लीसारखे बसे आणि कीड तडफडून मरे. सातव्या पिंजऱ्यातला मावा मेला नाही. त्याची पिल्लेही मेली नाहीत. तपासले, तर त्यांचा रिसेप्टरच बदललेला, किल्ली बसेचना. भावाला दाखवले. तो म्हणाला, "ताई, अहवाल गेलाय. पिंजरा धुऊन टाक."

मी धुतला. त्या पिंजऱ्याच्या नोंदींची वही मात्र घरी आणली.

४. औषध बाजारात आले. माझे यजमान काचघरात माळी होते. दुसऱ्याच वर्षी मावा मरेना, म्हणून मालकाने मात्रा तिप्पट करायला लावली, वर जुने जहाल औषध मिसळले. भर दुपारी, पंप पाठीवर असतानाच ते कोसळले. पुढची चार वर्षे त्यांना कप धरता आला नाही, मग गेले. भाऊ सफरचंदे घेऊन भेटायला आला आणि मात्रा पाळायला हवी होती, असे मलाच ऐकवून गेला. मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, याची चीड अजून जात नाही.

५. तो माझ्या अंत्यविधीला आल्यास खुर्ची द्यावी, पाणी द्यावे. बोलू देऊ नये.

६. वही मुलीला. तिचा स्वतःचा छापखाना आहे. तिने ती जशीच्या तशी छापावी. पिंजरा धुतल्याच्या नोंदीखाली माझी सही आहे. आईची अब्रू राखायला ती खोडू नये. परवा भावाने फोन करून वही मागितली. मी नकार दिला, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच तीस वर्षं गप्प बसले," मी म्हटले आणि फोन ठेवला.

लिहून देणार: सही
साक्षीदार: (१) आमचे डॉक्टर, सही (२) वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, सही
ठिकाण: माझी बैठकीची खोली
तारीख: ९ ऑक्टोबर