पर्यटनाविषयी आवडाकाकीचं मत

५ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. होमस्टे चालवणाऱ्याला शिस्त हवी. गणपतीपुळ्यात जागा नसली की पाहुणे आमच्या वाडीत येतात. आज पुण्याच्या बाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, हा वास कसला? शेजारची आवडाकाकी समोरच्या वाळूच्या पुळणीवर सुकट वाळवते, त्याचा. मी म्हणालो, समुद्राचा.

६ डिसेंबर
काकीला विनंती केली. फक्त दोन दिवस सुकट दुसरीकडे घाल. "दोनच दिवस ना रे? घालते हो," म्हणाली. गोड बोललं की माणसं ऐकतात. ही माझी खुबी.

१५ डिसेंबर
काकी अजून सुकट घालायला वर कातळावर जाते. डोक्यावर टोपली, अर्ध्या तासाचा चढ. दोन दिवस संपले हे तिला सांगायचं राहिलं. दर्शना म्हणते, "अहो, हाकेवर घर आहे तिचं." बायकोचं बरोबर आहे. पण आज मुंबईचा ग्रुप. उद्या नक्की.

२० डिसेंबर
सांगितलं नाही. सकाळी काकी समोर आली तसा मी मोबाईलवर बोलायला लागलो. मोबाईल बंद होता. तसं बघितलं तर चालणं तब्येतीला चांगलं. डॉक्टरच सांगतात. (मला सांगितलंय.)

२७ डिसेंबर, दुपार
कॉलेजची एक मुलगी, समीक्षा, सर्व्हे घेऊन आली. पर्यटनाबद्दल स्थानिकांना काय वाटतं? घरोघर मीच फिरवलं. लोक बुजतात, म्हणून प्रत्येक ओसरीवर शेजारी बसून राहिलो. सगळे म्हणाले, चांगलं आहे. फक्त काकी घरी नव्हती. तिचा फॉर्म मीच सांगून भरला. समाधानी.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२९ डिसेंबर
निर्धार. काकीला गाठायचं, टोपली आपण घ्यायची, माफी मागायची. निघालो. अर्ध्या चढावर दम लागून बसलो. तेवढ्यात काकीच खाली आली. तिनेच मला पाणी दिलं. म्हणाली, "पाहुण्यांना वास येत नाय ना आता?" मी म्हणालो, नाही. टोपली तिच्या डोक्यावरच राहिली.

२ जानेवारी
काकी काल उतारावर घसरली. पायाला प्लास्टर.

४ जानेवारी, संध्याकाळ
समीक्षाचा फोन. आवडाबाईंची सही राहिली. बरं झालं, भेटायला निमित्त मिळालं. सफरचंदं घेतली. वाटेत वाक्य पाठ केलं : काकी, चूक माझी.
काकी खाटेवर पाय लांब करून बसली होती. मी पेन दिलं. "काय लिहिलंस ते वाच," म्हणाली. वाचलं. आवडाबाई, वय अडुसष्ट. पर्यटनामुळे गावाचा विकास झाला असे वाटते. कोणताही त्रास नाही. समाधानी.
काकी म्हणाली, "कोण रे ही आवडाबाई?"
सही न करता पेन परत दिलं. चहा पिऊन जा म्हणाली.
प्यायलो.