मंडळीबरोबर सिलोनला

६ जानेवारी १९५६, चिंचवड

झालं! उद्या निघायचं. देहूरोडच्या चर्चची आम्ही अकरा माणसं, कोलंबोच्या ख्रिस्ती संमेलनाला. हिंदुराव पाळकसाहेबांनी आजच्या सभेत बजावलं — "परदेशात मोह फार. कुणी एकटं फिरायचं नाही." साहेब स्वतः मुंबईपलीकडे गेलेले नाहीत, पण मोहांची माहिती सगळी!

शाळेतून रजा मिळाली. हेडबाई म्हणाल्या, "तुमची भक्ती पाहून बरं वाटलं." मलाही वाटलं. खरं कारण इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू? माझा नवरा ज्योतीराम देहूरोडला लष्करी डेपोत स्टोअरकीपर होता. त्रेचाळीस साली सिलोनला पाठवला. सेहेचाळीसपासून पत्र नाही. लष्कर म्हणतं, कोलंबोत नोकरीतून मोकळा केला, पुढचं आम्हांला ठाऊक नाही. अर्धी मंडळी म्हणते मेला. अर्धी म्हणते पळाला.

तळेगावचे कंपाउंडर उद्धवराव — विधुर, सज्जन, बोलतात कमी — त्यांनी लग्नाचं दोनदा विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "नवरा मेल्याची खात्री झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही." बरोबरच आहे. म्हणून खात्री करायला निघालेय.

९ जानेवारी, मद्रासच्या पुढे, गाडीत

शालनबाई — पाळकसाहेबांच्या पत्नी — प्रत्येक मोठ्या स्टेशनावर माणसं मोजतात. स्वतःला धरत नाहीत. मग दहाच भरतात आणि किंकाळी! मद्रासला तर हरवलेल्या अकराव्यासाठी प्रार्थनाही सुरू केली.

माझी जोडी लावलीय पुनावळ्याच्या गोजाबाईंशी. वय पासष्ट. जन्मभर गावोगाव पायी हिंडून बायकांना बायबल वाचून दाखवलं, आता एक गुडघा बोलतो. यांना सोडून सटकणं अगदी सोपं. मी खूश.

११ जानेवारी, मंडपम

सिलोनला जाणाऱ्यांची इथे डॉक्टरी तपासणी. जीभ बघितली, डोळे बघितले. मन बघायचं यंत्र अजून आलेलं नाही, नाहीतर मी इथूनच परत!

गोजाबाईंच्या गाठोड्यात बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. अधिकाऱ्यानं हुंगलं, तीनदा शिंकला आणि हातानंच 'जा, जा' केलं.

१३ जानेवारी, कोलंबो

धनुष्कोडीहून बोट, मग परत गाडी. पोचलो. बोटीत पाळकसाहेब सबंध वेळ कठड्याला धरून ओकत होते. मोहांच्या यादीत हे नव्हतं.

१५ जानेवारी, रविवार

एक प्रवचन, पाच भाषांत. पाचही वेळा कळलं नाही. शालनबाई पाचही वेळा रडल्या.

१६ जानेवारी

जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. मी हळूच चपला घातल्या. फाटकापाशी गोजाबाई उभ्या, काठी घेऊन!

"कुठं निघालात?" मी.

"तुमी जिकडं निघालाय तिकडं. एकटं फिरायचं न्हाई, सायेब म्हनलेत."

काय करणार? नेलं. वाटेत सगळं सांगूनही टाकलं. 'हं' एवढंच म्हणाल्या.

पेटा नावाचा बाजार. ज्योतीरामच्या शेवटच्या पाकिटावरचा पत्ता तिथला. निघालं कापडाचं दुकान. मालक युनूसभाई, मेमण, मुंबईची हिंदी. नाव ऐकून हसले. "ज्योतीराम? पाववाला? अरे, वो तो नेगोम्बो में है. पाव अच्छा बनाता है."

है! होता नाही — है! मी तिथल्या स्टुलावर बसले. युनूसभाईंनी पाणी दिलं, काही विचारलं नाही. एवढा समजूतदारपणा आमच्या मंडळीत असता तर!

१७ जानेवारी

दिवसभर भजनं. ओठ हलवले.

१८ जानेवारी

शालनबाईंना सांगितलं, गोजाबाईंचा गुडघा डॉक्टरला दाखवायचाय. गोजाबाई लगेच लंगडल्या — चांगल्या पायानं.

नेगोम्बो, बसनं. समुद्राच्या बाजूला छोटीशी बेकरी. पुढे ज्योतीराम, कोपरापर्यंत पीठ. केस गेलेत, पोट आलंय. मला बघून हातातला पाव खाली पडला.

"तू? इथं?"

"मंडळीबरोबर आले." दहा वर्षं हे पहिलं वाक्य घोळवत होते, आणि निघालं काय — मंडळीबरोबर आले!

"पत्र लिहिणार होतो मी."

"शाई मिळत नाही वाटतं इथं?"

आतून एक बाई आली. मागे दोन मुली. धाकटीचं नाक याचंच. त्यानं तिला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, 'गावची माणसं' असलंच असणार. ती हसली, आम्हांला खुर्च्या दिल्या, पुन्हा आत गेली.

मग हा हळूच — "हिला काही ठाऊक नाही. तू जरा थांब. पोरी मोठ्या झाल्या की मी तिकडं येतो. समक्ष बोलू. देवाशपथ."

"किती थांबू?"

बोटांवर मोजलं हो त्यानं! खरंच मोजलं. "दहा-बारा वर्षं."

मला हसू फुटलं. मोठ्यानं. थांबेना. मग ते हसू राहिलंच नाही. ती बाई धावत बाहेर आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अशी कुणी असणारच, म्हणून शिव्या पाठ करून गेले होते. एकही आठवली नाही.

येताना बसमध्ये गोजाबाई तिनं बांधून दिलेला पाव खात होत्या. "पाव चांगला हाय," म्हणाल्या. मग बोटांवरचे कण झटकत — "पावच तेवढा."

१९ जानेवारी

खरं सांगितलं तर त्या बाईच्या दारात पाळक, वकील, चर्चच्या पंचांची पत्रं. पोरींना काय म्हणतील ते वेगळंच. नाही सांगितलं तर मी दहा-बारा वर्षं वाट बघायची. काय सुरेख सोय आहे!

जेवले नाही. शालनबाईंनी जाहीर केलं, उपास आहे. करू देत.

२० जानेवारी

न्याहारीला पाळकसाहेबांना सांगितलं — ज्योतीराम वारला. नेगोम्बोला कबर पाहिली.

साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणी पाहिली?"

गोजाबाई काठी टेकत उठल्या.

"व्हय सायेब, म्या पाह्यली. मूठभर माती बी टाकली वर."