एकटंच सोडलेलं पेप्टाइड

केपटाऊन, रविवार

आई,

इथे सगळं ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

प्रयोगशाळेत आपल्या तळ्यातल्यासारख्याच चपट्या बेडकांची अंडी असतात. अंड्याच्या पडद्यात आम्ही मेंदूतली बारीक दारं बसवतो. ठरावीक रसायनाचा निरोप आला की ती उघडतात. मी एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, तपासत होते. तीन महिने ते अंड्यावर एकटंच सोडलं, दार हललं नाही. वहीत ‘निकामी’ लिहून मोकळी झाले.

काल शेजारच्या टेबलावरची मैत्रीण अयाबुलेला म्हणाली, “अगं शहाणे, निरोपासोबत सोडून बघितलंस का?” सोडलं. निरोप तोच, पण दार निम्मंच उघडलं.

बाबांना जाऊन वर्ष झालं, तुझे शोकाचे काळे कपडे उतरवले त्या दिवशी, मी साऱ्या गावासमोर म्हणाले, “बाबा मारायचे तेव्हा तू नुसती उभी असायचीस.” तू पाहुण्यांची ताटं वाढत राहिलीस.

आई, तू मामाच्या दफनाला गेलीस, त्याच आठवड्यात बाबांच्या मारानं माझं मनगट मोडलं होतं. एरवी, तू तिथे उभी असताना, कधीच काही मोडलं नाही. हे मला काल आठवलं.

वहीतला शब्द खोडलाय. गावासमोर बोललेला कसा खोडू, सांग.

तुझी,
खान्यिस्वा