हेमराजदादाचा मुखवटा

मोहगाव

प्रिय हेमराजदादा,

तुझा पत्ता माहीत नाही, तरी लिहून राहिलो. आज दुपारी गावच्या दंडारीत, नाच-सोंगांच्या खेळात, तुझा राक्षसाचा लाकडी मुखवटा मी घातला. तू घर सोडल्यापासून तीन वर्षं तो खुंटीलाच होता. मुखवटा घातल्यावर बोलायचं नाही, हा आपल्या दंडारीचा नेम. तो मी पाळला आणि तिथेच चुकलो. आई गर्दीतून आली, माझा हात धरून म्हणाली, "आला का रे हेमराज! चाल बापा, घरी चाल."

आता मी मुखवट्यासकट आतल्या खोलीत कडी लावून बसलो आहे. आई दाराबाहेरून म्हणते, "काढ ना रे, तोंड पाहू दे. भूपेंद्रलाही हाक मार, दोघांची ताटं वाढली."

दादा, ये रे. मी एकाच ताटावर बसू शकतो.

तुझा धाकटा,
भूपेंद्र