मुगेरवाला पाडण्याचं डाएट

२ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून सुरू. १४ डिसेंबरला कंपालात नॅचरल बॉडीबिल्डिंगची स्पर्धा. नॅचरल म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त अन्न आणि घाम. गेल्या वर्षी तो मुगेरवा स्टेजवर माझ्या शेजारी उभा राहून दात काढत म्हणाला, पोट आत घे रे किवूम्बी, फोटो काढतायत. माइक चालू होता. अख्खा हॉल हसला. जिममध्ये अजून हसतात. यंदा त्याचे दात त्याच्या घशात घातले नाहीत तर नावाचा किवूम्बी नाही!
आहार: उकडलेली अंडी, कोंबडी (कातडी काढून), पालेभाजी, मोजके शेंगदाणे. चपाती बंद. मतोके बंद. आईचा तो उकडलेल्या केळ्यांचा डोंगर आता दुसऱ्या कोणीतरी चढावा.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
नको म्हटल्यावर आई म्हणाली, का, माझ्या हातात विष आहे? थोडं मतोके खाल्लं. ते झाडाला लागतं, याहून नॅचरल काय असणार? वरचा शेंगदाण्याचा रस्सा प्रोटीनमध्ये धरला.

५ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या टपरीवर रोलेक्स (घड्याळ नव्हे, अंड्या-चपातीचा रोल). मी फक्त अंडी मागणार होतो, पण टपरीवाल्याने सवयीने चपातीत गुंडाळली. अन्न टाकणं मला जमत नाही. संस्कार. जिमला गेलो नाही, विश्रांतीतच स्नायू वाढतो. मुगेरवाला हे शास्त्र ठाऊक नाही. रोज जातो, बैल कुठला.

१० नोव्हेंबर
नाकतोड्यांचा हंगाम! बाजारात टोपल्याच्या टोपल्या. कांदा घालून परतलेले, कुरकुरीत, नुसतं प्रोटीन. निसर्ग माझ्या बाजूने आहे. एक पिशवी घेतली. मग आणखी एक, कारण पहिली चव बघण्यातच गेली.

११ नोव्हेंबर
पोट बिघडलं. मुगेरवाने काल बाजारात मला बघितलं होतं. नजर, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर
घरात बॉम्ब पडला. धाकटी बहीण नाकिबूका म्हणाली, मी लग्न ठरवलंय. कोणाशी? मुगेरवाशी! म्हणे दोन वर्षं चाललंय. म्हणजे तो स्टेजवर माझी लाज काढत होता तेव्हासुद्धा! मी विचारलं, कंपालातले बाकीचे पुरुष मेले का? ती म्हणाली, त्याला दाजी म्हणायची सवय कर. जीभ झडली तरी चालेल.
७ डिसेंबरला क्वांजुला. त्याची माणसं भेटी घेऊन आमच्या अंगणात येणार आणि तिला मागणार.

१८ नोव्हेंबर
आंघोळ करताना सुचलं. रीतीप्रमाणे नवऱ्यामुलाने मुलीच्या भावाच्या हातात कोंबडा द्यायचा. भावाने घेतला की मुलगी दिली. आणि नाही घेतला तर? सगळा मांडव बघत असताना मी हात मागे घेणार. शांतपणे. छाती पुढे काढून (तोवर छाती आलेली असेल). तो आपला कोंबडा धरून उभा! मग आठवड्याने स्टेजवर दुसरा दणका. दोन्हीकडून धुऊन काढणार हरामखोराला.

२५ नोव्हेंबर
वजन वाढलंय. काटा जुना आहे. कोच म्हणाला, वजन मुद्दाम वाढवतोयस का? हो म्हटलं. मुगेरवा तिथेच होता. अर्धा वाकून म्हणाला, कसे आहात मेव्हणेसाहेब? नाटकी!

१ डिसेंबर
आता खरं कडक. अंड्यातला पांढरा भाग आणि पाणी, बस. पिवळं नाकिबूका खाते. माझ्यासमोर. मीठ लावून. आज नवी गोमेसी नेसून आली आणि कशी दिसते विचारलं. फार खूश होती. मी चांगली म्हटलं आणि बाहेर पडलो. बेत म्हणजे बेत.

६ डिसेंबर
कडक चालू. चक्कर येते. परसात बायका केळीच्या पानांत लुवोंबो बांधतायत: कोंबडी, शेंगदाणे, धुरावलेले मश्रूम. वासाने डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं बहीण जाणार म्हणून. मला जवळ घेतलं.

७ डिसेंबर
सकाळी येणार होते, दुपारी उगवले. भाषणं. मग दोन्ही घरांच्या वतीने बोलणारे एकमेकांची टर उडवत बसले. मी पाण्यावर. उन्हं कलली तेव्हा कुठे मुगेरवा कोंबडा घेऊन समोर आला. मी हात मागे घेतले.
अख्खा मांडव माना उंचावून बघायला लागला! मुगेरवाला दरदरून घाम फुटला. कोंबडासुद्धा मान ताणून बघत होता. नाकिबूकाकडे बघायचं मी टाळलं. काय ते सुख! तेवढ्यात आत्या कानाशी म्हणाली, मेल्या, घे लवकर, तू कोंबडा घेतल्याशिवाय पानं वाढत नाहीत.
रीत मला माहीत होती. माझी भूक मी त्यात धरली नव्हती.
कोंबडा घेतला. आत्या म्हणते हिसकावला. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. नंतर मतोके, भात, लुवोंबो, आणि मग कोणाचं तरी उरलेलं लुवोंबो.

९ डिसेंबर
परवाच्या त्या जेवणाला कार्ब लोडिंग म्हणतात. मोठे खेळाडू करतात. माझं जरा लवकर झालं इतकंच. मांडवातला सूड तसा किरकोळच होता. खरा स्टेजवर.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
तेल लावलं, रंग लावला, स्टेजमागे मुगेरवाला शोधलं. कुठेच नाही. पडद्याआडून बघतो तर पहिल्या रांगेत, कोट घालून, नाकिबूकाशेजारी. मी स्टेजवर गेल्यावर माझ्या नावाने सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता. आवाज बसला त्याचा.
खाली आल्यावर नाकिबूकाला विचारलं, घाबरला ना? ती म्हणाली, त्याने आपणहून नाव काढून घेतलं. बायकोच्या भावाला चारचौघांत हरवणं शोभत नाही म्हणाला.
मी चौथा आलो. उतरले होते चौघंच.