शंभराव्या अक्षराचं टिंब

आठवा महिना, दुसरा दिवस
होडीतून उतरले तर बाओंच्या घरची दोन माणसं माझी पेटी घ्यायला घाटावर हजर! सत्ताविसाव्या वर्षी हा मान. पौर्णिमेला बाओ आजोबांना एकशे आठ वर्षं पूर्ण होतील. त्यांच्यासाठी लाल कागदावर शंभर 'शौ' लिहायचे. दीर्घायुष्याचं तेच एक अक्षर, शंभर वळणांनी. कुओ गुरुजींनी माझं नाव सुचवलं तेव्हा गुरुबंधू जळून म्हणाले होते, बाईच्या मनगटात जोर कुठला? जेवायला शेवया आणि बांबूचे कोंब होते. खोलीभर ताज्या शाईचा वास आहे.

चौथा दिवस
चौदा झाले. एकदा टेकलेला कुंचला मागे घेता येत नाही, गिरवता तर नाहीच. रेघेला हाड हवं, मांस हवं, आणि कुंचला कोरडा पडत जातो तिथे मधला कागद श्वास घेतल्यासारखा दिसायला हवा. आज ते साधलं. थोरल्या सूनबाई शाई उगाळून देतात. त्या एकोणसत्तरच्या. म्हणाल्या, "मामंजी काही म्हातारे होत नाहीत बाई, त्यांच्या वाटचं म्हातारपण आम्हीच काढतो." दोघी हसलो.

सातवा दिवस
त्रेचाळीस. इतकं सुंदर मी जन्मात लिहिलं नव्हतं. आजोबा पडद्यापलीकडे अंथरुणावर असतात. कितवं, म्हणून विचारलं; सांगितलं तर रडायला लागले. "पोरी, घरी जा. मला पुरे झालंय." वयाचा परिणाम असेल. फणीत केसांचा पुंजका आला, निम्मे पांढरे.

नववा दिवस
कागद शोधताना पेटाऱ्यात आजोबांच्या अठ्ठ्याण्णवाव्या वाढदिवसाचा असाच शंभर 'शौ'चा पट सापडला. खाली सही: कुओ, वय छत्तीस.
छत्तीस. म्हणजे गुरुजी आज शेहेचाळीसचे. आणि वसंतात आम्ही शिष्यांनी त्यांची ऐंशी वर्षं साजरी केली. ते गप्प बसून शेवया खात होते.
सूनबाईंनी काहीच लपवलं नाही. गुरुजी नव्वदाव्या अक्षराला थांबले, पाया पडले. पुढच्या खेपेला माझ्याहून चांगला हात तयार करून पाठवतो, म्हणाले. उरलेली दहा सूनबाईंच्या नवऱ्याने लिहिली. पंधरवड्यात तो गेला. "कुणाचं तरी आयुष्य जाणारच. दर वेळी आमच्याच घरचं का जावं?"
सहा वर्षं गुरुजींनी माझं मनगट धरून शिकवलं. मला वाटायचं, माया आहे.

दहावा दिवस
पहाटेच घाट गाठला. नावाड्याने हात पुढे केला. "सांभाळून, आज्जी."
आज्जी.
होडीत बसले. ओल्या बोटाने फळीवर अक्षर काढत होते, मलाच कळलं नाही. आणि ते नुसतं बोटाने काढलेलं — गुरुजींच्या कुठल्याही अक्षराहून सरस. उतरले. परत आले. कुणी ओढून आणलं नाही. ती रेघ मला पुन्हा हवी होती, एवढंच खरं.

बारावा दिवस
नव्वद. गुडघे धरतात. सूनबाईंनी विचारलं, हाताखाली कुणी चांगली मुलगी आहे का? नाव सांग, आत्ता सोडते. एक आहे. एकोणीस वर्षांची, माझ्याहून चांगला हात.
नाही सांगितलं.

तेरावा दिवस
नव्याण्णव. आजोबा म्हणाले, शेवटचं टिंब देऊ नकोस. टिंब नसलं तर अक्षर नाही, अक्षर नाही तर मी सुटलो. तुझं गेलेलं मात्र परत येणार नाही, पोरी.
मी म्हटलं, ठीक आहे आजोबा.

चौदावा
शंभरावं लिहिलं. टिंब सोडून. कुंचला मोडला, शाई अंगणात ओतली. आजोबांचा श्वास हळू — फार हळू. चेहरा किती शांत —
सूनबाईंनी बघितलं.
दाराला आतून कडी घातलीय. त्या बाहेरून बोलताहेत, अगदी गोड. कुंचलाच हवा असं नाही. बोट चालतं. शाईचंही तसंच, लाल असली तरी —
त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला हाक मारली. सुई आण म्हणाल्या.
आजोबा पलीकडून ओरडताहेत, नको, सोडा तिला, नको —
कडी जुनी आहे. माझ्या हातात जोर नाही, नाहीतर —
एक खिळा निघा